हिरा, दोन खळगे आणि झाडलोटीची पाटी

१२ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९.१०

नवी वही, नवं पेन. आजपासून रोज लिहिणार. मागच्या वहीत मार्चनंतर फक्त किराण्याच्या याद्या आहेत, पण तो काळच वाईट होता.

प्रोफेसर वीडमायर यांनी काल बोलावून घेतलं. बसा म्हणाले नाहीत, म्हणजे बोलणं महत्त्वाचं होतं. म्हणाले, रिलिंग, सात वर्षं झाली तुमच्या पीएचडीला. मी म्हटलं, हो ना, कळलंच नाही कशी गेली. ते म्हणाले, मला कळली. तेवीस नोव्हेंबरच्या सेमिनारमध्ये एक स्वच्छ आलेख दाखवा. एकच. नाहीतर तीस तारखेला तुमचा करार संपतोय आणि मी तो वाढवणार नाही.

एक आलेख! सहा आठवड्यांत! त्यांच्या माझ्याकडून इतक्या कमी अपेक्षा आहेत याचं वाईट वाटलं. पाच तरी देईन.

संकल्प: रोज सकाळी सातला लॅबमध्ये. (उद्या शनिवार. सोमवारपासून.)

त्याच दिवशी, दुपारी ४.४०

दारावर पाटी. ‘झाडलोटीचा आठवडा’. म्हणजे सोमवारपासून जिना, स्वयंपाकघर आणि लॅबची फरशी माझ्याकडे. अख्ख्या स्टुटगार्टात लोक आपापले जिने झाडतात ते ठीक आहे, पण संशोधन संस्थेत हे कशाला? गोमेलबाईंमुळे. त्या वर्कशॉपच्या प्रमुख. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची पाटी त्यांनी स्वतः केली, मागे दोन दणकट लोहचुंबक बसवले, की आमच्या लोखंडी दारांना ती घट्ट चिकटावी. मी दार तीनदा आपटून पाहिलं. पडत नाही.

नियम असा की पाटी ज्याच्या दारावर, पाळी त्याची. आठवडा संपला की त्याने ती शेजारच्या दारावर लावायची. पाटी पुढे गेली नाही तर पाळीही पुढे जात नाही. माझ्याआधी फ्राउके. शेजारच्या खोलीतली, दुसऱ्या वर्षाची, पार उत्तरेच्या समुद्रकाठची मुलगी. पाटी लावून ती चारच्या गाडीने मैत्रिणीकडे गेली.

कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. इतिहास घडायच्या आठवड्यात मी जिना पुसत बसू शकत नाही. पाटी स्वेटरखाली घेतली.

ठेवली माझ्या काळ्या पेटीत. आत माझा मायक्रोस्कोप आणि हिरा असतो. उजेड जायला नको म्हणून पेटी माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. सात वर्षांत आत फडकंही गेलेलं नाही. गोमेलबाई दर नाताळात म्हणतात, आतून एकदा पुसून तरी घ्या हो. मी सांगतो, बाई, हे शास्त्र आहे, कपाट नाही.

हिऱ्यामागे एक पोलादी खांब आहे. पाटी त्याला टक्कन चिकटली. छान जागा. आठवडाभराचा प्रश्न मिटला.

१५ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०.२५

(सातला जाग आली होती, हेही काही कमी नाही.)

लेझर लावला, मायक्रोवेव्हची वारंवारता फिरवली आणि आलेखात दोन खळगे! जिथे सात वर्षं एकच होता, तोही असून नसल्यासारखा, तिथे दोन! आणि मी हिऱ्याजवळ लोहचुंबक ठेवलेला नाही.

पुन्हा मोजलं. दोन. कॉफी पिऊन आलो. दोनच.

हे काहीतरी मोठं आहे.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

गोमेलबाई जिन्यात भेटल्या. पाळी कुणाची, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या दारावर तर पाटी नाही. हे शंभर टक्के खरं आहे. फ्राउके मागेच उभी होती. म्हणाली, मी पाटी तुझ्या दारावर लावली होती, ओटमार. मी म्हटलं, वाऱ्याने गेली असेल. ती म्हणाली, कॉरिडॉरमध्ये वारा? गोमेलबाई म्हणाल्या, माझी पाटी वाऱ्याने पडत नाही, पण नियम म्हणजे नियम. तेव्हा या आठवड्यातही फ्राउकेच.

तिला व्यायाम होईल. दिवसभर बसून तर असते.

२१ ऑक्टोबर, रविवार

आईला फोन केला. शोध लागलाय म्हटल्यावर तिने सविस्तर सांग म्हटलं. सोपं करून सांगितलं. हिरा म्हणजे सगळा कार्बन. त्यात कुठेतरी एका कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. या जोडीवर हिरवा लेझर टाकला की ती तांबडा उजेड देते. मग मायक्रोवेव्ह हळूहळू फिरवत जायचा, रेडिओचं बटन फिरवतात तसा. नेमकी जागा आली की तांबडा उजेड किंचित मंदावतो. तो आलेखातला खळगा. जवळपास लोहचुंबक असेल तर एकाचे दोन खळगे होतात, आणि ते किती लांब गेले त्यावरून चुंबकाचा जोर कळतो. माझ्याकडे चुंबक नाही आणि खळगे मात्र दोन.

आई म्हणाली, स्टुटगार्टात शेजारची जागा रिकामी राहते आणि कुणी भाड्याने घेत नाही? मी म्हटलं, आई, अणूची जागा. ती म्हणाली, बरं, पण चुंबक नाही असं नीट बघितलंस का? खालच्या फडताळात वगैरे? मी हसलो. शास्त्रज्ञांच्या आयांना असेच प्रश्न पडत असणार.

तिने विचारलं, मग डॉक्टर कधी होणार? बेकरीत तिने तीन वर्षांपूर्वीच सांगून टाकलंय की झालो. मी म्हटलं, आता फक्त औपचारिकता.

२४ ऑक्टोबर, बुधवार

या चुंबकाशिवायच्या चुंबकीय क्षेत्राचं नाव ठरवलं: रिलिंग-क्षेत्र. आधी प्रोफेसरांचंही नाव घालावं असं वाटलं होतं, पण लांब होतं.

एकच तक्रार. तांबडा उजेड फार कमी येतो, आलेख केसाळ दिसतो. लेझर जुना, हिरा स्वस्तातला, शिवाय खालून ट्राम जाते. या सगळ्यावर मात करून काम करतोय.

२९ ऑक्टोबर, सोमवार

फ्राउके लॅबची फरशी पुसत होती (तिसरा आठवडा). माझा आलेख बघून थांबली. मग म्हणाली, हिरा उलटा फिरवून बघ ना. क्षेत्र हिऱ्यातलं असेल तर हिऱ्याबरोबर फिरेल. बाहेरचं असेल तर तिथल्या तिथे राहील. पाच मिनिटांचं काम.

चांगली सूचना आहे, पण अननुभवी. हिरा फिरवायचा म्हणजे पेटी उघडायची, उजेड आत जाणार, सगळं पुन्हा जुळवायचं. मनातल्या मनात फिरवून पाहिला. क्षेत्र फिरलं.

१ नोव्हेंबर, गुरुवार

सर्व संतांच्या सणाची सुट्टी. संस्था रिकामी, आज मन लावून काम करायचं ठरवलं होतं. आईने सारण भरलेले माउलटाशे केलेत म्हणून फोन आला. तीन ताटं खाल्ली. मग झोप. पण झोपेतही विचार चालू होता.

५ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ३

गणित बसलं! हिरा मिलिमीटर मिलिमीटर सरकवत (बाहेरच्या बटनांनी, पेटी न उघडता) चाळीस जागी मोजलं. इतकं काटेकोर काम मी आयुष्यात केलेलं नाही. उत्तर: हे क्षेत्र असं आहे, जणू हिऱ्याच्या मागे सहा सेंटिमीटरवर नाण्याएवढे दोन लोहचुंबक ठेवलेत. एकमेकांपासून ११.४ सेंटिमीटर.

निसर्ग किती खट्याळ आहे! हिऱ्याच्या आतलं क्षेत्र हुबेहूब नाण्याएवढ्या चुंबकांचं सोंग घेतं. ‘आभासी जोड-चुंबक’. हे शीर्षकात घ्यायचं.

फ्राउकेला सांगितलं. ती कॉफी पीत होती. पेला खाली ठेवला. म्हणाली, दोन? मी म्हटलं, दोन. नाण्याएवढे? मी म्हटलं, नाण्याएवढे. मग ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला संकोचच वाटला. शेवटी एवढंच म्हणाली, ओटमार, पेटी उघड आणि हिरा फिरव. खरंच सांगते, फिरव.

हेवा वाटणं साहजिक आहे. दुसऱ्या वर्षी मलाही इतरांचा वाटायचा.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

स्वयंपाकघरात फ्रिजवर गोमेलबाईंची चिठ्ठी: पाटी चार आठवडे बेपत्ता, ज्याने कुणी हरवली त्याने कबूल करावं. चिठ्ठीत नाव कुणाचं नाही, पण बोलताना त्या फ्राउकेकडेच बघत होत्या. म्हणाल्या, तुम्हा समुद्रकाठच्या लोकांना पाटीचं काय कळणार, तुमच्याकडे वाऱ्यानेच झाडलं जातं. सगळे हसले. फ्राउके म्हणाली, पाटी मी हरवलेली नाही. 

मी मध्ये पडलोच असतो, पण तोंडात ब्रेट्झेल होतं. गिळेपर्यंत त्या दोघी निघून गेल्या.

दुपारी ३.३०

पाटी गुपचूप परत ठेवावी असा विचार केला. मन मोठं असावं. पण ती काढायची म्हणजे पेटी उघडायची, आणि एवढं नाजूक माप चालू असताना पेटी उघडणं हा विज्ञानाशी द्रोह होईल. पाटी आत आहे तोवरच आलेख असा सुंदर येतोय, उगाच हलवायला नको.

सेमिनारनंतर पहिलं काम तेच.

१४ नोव्हेंबर, बुधवार

चेरीचा केक सांगितला, तीस जणांचा. आनंदाची बातमी ज्याची, केक त्याचा. वर पांढऱ्या क्रीमने दोन खळगे काढायला सांगितले. बेकरीवाल्याने विचारलं, दरी आहे का? मी म्हटलं, डोंगर समजा.

आई वेणीचा गोड पाव पाठवणार आहे. बेकरीतल्या बाईने तिला विचारलं म्हणे, तीन वर्षांपूर्वी डॉक्टर झाला, मग आता काय झाला? आईने सांगितलं, आता जास्त झाला.

संकल्प: भाषणाची रोज तालीम. आज नावापर्यंत आलो.

२० नोव्हेंबर, मंगळवार

फ्राउकेने तिसऱ्यांदा तेच. या वेळी दार लावून घेतलं. म्हणाली, मी कुणालाही काही सांगणार नाही, ओटमार. फक्त शुक्रवारच्या आधी एकदा पेटी उघड. एकटा असताना उघड.

तिचे हात साबणाने लाल झालेले होते. सहावा आठवडा. क्षणभर काहीतरी वाटलं, काय ते कळलं नाही. बहुतेक भूक. चहा घेतला.

आभारप्रदर्शनात तिचं नाव घालेन. ‘उत्साही प्रश्नांबद्दल.’

२३ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ७.०५

आज खरोखर सातला लॅबमध्ये! टाय लावला. पेटीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. उघडली नाही. करार, पदवी, आईची बेकरीतली पत, सगळं आज. घाबरलोय असं म्हणता येणार नाही, फक्त ब्रेट्झेल खाल्लं गेलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.४०

लिहायचं नव्हतं. पण रोज लिहिणार असं म्हटलं होतं.

सगळे होते. गोमेलबाई सेमिनारला कधी येत नाहीत, आज केक आहे म्हणून आल्या आणि पुढच्याच रांगेत बसल्या. पहिली वीस मिनिटं फार छान गेली. प्रोफेसरांनी दोनदा मान हलवली. सात वर्षांत त्यांनी ती माझ्या बाजूने हलवलेली मला आठवत नाही.

मग मी आभासी जोड-चुंबकाचं चित्र लावलं. दोन गोल, नाण्याएवढे, सहा सेंटिमीटरवर. म्हटलं, दोन गोलांमधलं अंतर ११.४.

गोमेलबाई तोंडातला घास गिळून म्हणाल्या, साडेअकरा.

मी म्हटलं, क्षमस्व? त्या म्हणाल्या, साडेअकरा आहे हो ते. भोकं मी स्वतः पाडलीत.

मला खरंच काही कळलं नाही. वीडमायरांना कळलं. त्यांनी चष्मा काढला. कसली भोकं, म्हणाले. गोमेलबाई म्हणाल्या, माझ्या पाटीची. मागचे दोन चुंबक, हे इथे आणि हे इथे, आणि बोटाने माझ्या चित्रावरच दाखवलं.

तेव्हा मला कळलं. 

प्रोफेसर म्हणाले, चला, पेटी बघू. तीस माणसं जिन्याने लॅबकडे निघाली, काहींच्या हातात केकची ताटली. मी पेटी उघडली. हिऱ्यामागे, सहा सेंटिमीटरवर, बीचच्या लाकडाची सुबक पाटी. ‘झाडलोटीचा आठवडा’. कुणी तरी हसायला लागलं आणि मग कुणालाच थांबवेना. प्रोफेसरांचेही खांदे हलत होते. गोमेलबाई हसल्या नाहीत. त्या फ्राउकेकडे गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, मुली, माझं चुकलं, मी तुला उगाच बोलले. फ्राउके म्हणाली, असू दे हो. आणि माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

नंतर प्रोफेसरांच्या खोलीत. या वेळी बसा म्हणाले. म्हणाले, रिलिंग, तुम्ही एक लपवलेली पाटी हिऱ्याने शोधून काढलीत, एका मिलिमीटरच्या फरकाने. मोजमाप उत्कृष्ट आहे. तुम्ही केलेलं पहिलं खरं काम. दुर्दैवाने ती लपवलीत तुम्हीच. तीन महिने देतो. जे झालं ते जसंच्या तसं लिहा, पाटीसकट. ‘रिलिंग-क्षेत्र’ सोडून.

मी विचारलं, पाळीचं काय? ते म्हणाले, ते गोमेलबाईंच्या हातात आहे, माझं तिथे काही चालत नाही.

गोमेलबाईंनी सहा आठवडे दिलेत. आणि म्हणाल्या, सुरुवात त्या पेटीपासून. ज्या कपाटात माझी पाटी सहा आठवडे राहिली, ते आतून पुसलेलं मला हवं.

आईला अजून सांगितलेलं नाही.

२६ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.५०

जिन्यात फ्राउके झाडू घेऊन. सवयीने आली होती. मी तिच्या हातातून झाडू घेतला. घरी तालीम करून आलो होतो, पाच वाक्यं. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, पाटी मी घेतली, तुला बोलणी बसली आणि मी ब्रेट्झेल खात उभा राहिलो. लाज वाटते.

ती म्हणाली, दोन नाणी म्हणालास त्याच दिवशी मला कळलं होतं. वाटलं, तू स्वतः उघडशील. कुणाला न कळता ठेवून देशील. म्हणून हिरा फिरव, फिरव म्हणत होते.

मी म्हटलं, इतकी बोलणी खाऊनही? ती म्हणाली, माझी बोलणी पुसली जातात रे, तुझा करार जाणार होता. मग म्हणाली, कोपऱ्यातून सुरुवात कर, मधून नाही.

दुपारी २.१५

जिना झाला. स्वयंपाकघर झालं. पेटी पुसली.

हिऱ्यासमोरच्या भिंगावर बोटाचा ठसा होता, पूर्ण अंगठ्याचा. वर धुळीचा थर. आरशांवरही तसाच. अंगठा लावून पाहिला. माझाच. पहिल्या वर्षी भिंग बसवलं होतं तेव्हाचा असणार.

पुसून पेटी बंद केली, लेझर लावला, फक्त सगळं जागेवर आहे ना ते बघायला. तांबडा उजेड आधीच्या सहापट. मायक्रोवेव्ह फिरवला. पाटी नाही, त्यामुळे खळगा एकच, जिथे असायला हवा तिथेच. पण इतका खोल आणि इतका स्वच्छ, की पुस्तकातलं चित्र वाटावं. प्रोफेसरांनी मागितला होता तो हाच. सात वर्षं.

फ्राउके मागून येऊन बघून गेली. जाताना केराची सुपली माझ्या हातात देऊन गेली, खिडकीखाली राहिलंय म्हणाली.

राहिलं होतं.